नारळाचं मीठ

नारळाचं रोप न्यायला आलेला माणूस पहिल्यांदा किंमत विचारत नाही. "लागायला किती वर्षं?" असं विचारतो. सहा-सात म्हटलं की तो मनातल्या मनात स्वतःचं वय मोजतो. हा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. काही जण तसेच परत जातात. बहुतेक जण मात्र दोन रोपं उचलतात. सहा-सात वर्षं आपण नक्की असणार, असं त्यांचं त्या क्षणी ठरतं. सरकारी रोपवाटिकेत एवढी आशा दुसऱ्या कुठल्या टेबलावर बघायला मिळत नाही.

माझं वय अजून तिशीच्या अलीकडे आहे. या वयात आठवणी लिहू नयेत, असं मी संपादकांना कळवलं होतं. पण जे लिहायचं आहे ते म्हातारपणापर्यंत ठेवलं, तर मी ते गुळगुळीत करून टाकीन, अशी भीती आहे.

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात, मंगळवार पेठेत पायानं चालवायचा छापखाना होता. हमालांची, शिक्षकांची, गिरणी कामगारांची पत्रकं तिथं छापली जात. मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो' या शब्दानं. शाळेच्या डब्यातली भाकरी बिघडलेल्या पत्रकांत गुंडाळलेली असे आणि तिच्या पाठीवर 'जाहीर सभा' उलटी उमटलेली असे. ती खाऊनच मी मोठा झालो. आणीबाणीत छापखान्याला कुलूप लागलं. घरात कुणीतरी पगार आणायला हवा होता, म्हणून शेतकी पदविका घेऊन मी गडमुडशिंगीच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत लागलो.

बाहेरच्यांना वाटतं, रोपवाटिका म्हणजे पाणी घालायचं आणि झाडं विकायची. नारळाचं सांगतो. बियाण्याचा नारळ वाळूत आडवा निजवायचा. कोंब फुटायला तीन-चार महिने. मग निवड. ज्याची मान जाड, ज्याचं पान लवकर चिरतं, ते रोप चांगलं. उंच, नाजूक, देखणं रोप गिऱ्हाईक हटकून उचलतं आणि तेच कामाचं नसतं. रोप उचलताना नारळाला धरायचं, मानेला नाही. लावताना नारळ मातीत, मान मोकळी. न्हाणीचं पाणी जाईल तिथं लावलं तर उत्तम. आणि वर्षातून एकदा, पाऊस संपत आला की, आळ्यात खडे मीठ. मीठ म्हटलं की कोल्हापूरचा शेतकरी दचकतो. जमिनीला मीठ फुटून शिरोळकडची रानं कशी पांढरी झाली, हे त्यानं पाहिलेलं असतं. त्याला समजवावं लागतं की नारळ समुद्राकाठचा आहे, त्याला मीठ मानवतं.

जयसिंगपूरचे एक निवृत्त मास्तर वर्षातून दोनदा एसटीनं यायचे, छत्रीत नारळाची एक झावळी उभी खोचून. डॉक्टरला जीभ दाखवावी तशी ती माझ्यासमोर धरायचे. "पिवळी पडत्येय, बघा." मी म्हणायचो, "गुरुजी, ही सगळ्यात खालची, म्हातारी झावळी आहे. ती पिवळी पडणारच." ते म्हणायचे, "ते मला कळतंय हो. पण घरात दुसरं कोण आहे विचारायला?" आणि अर्धा तास बसून जायचे.

एक पैलवानी बांध्याचा शेतकरी तर आठ वर्षांचं झाड तोडायची परवानगी मागायला आला होता. "पावणं, तुमी मला नर दिलासा."

"नारळात नर-मादी नसते. दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात."

"मग माज्या झाडाला कळत न्हाय व्हय ते?"

मी सायकल काढून त्याच्या गावी गेलो. झाड खळ्याच्या कडेला, वस्तीपासून लांब, वर्षानुवर्षं पाण्याशिवाय उभं होतं. मी म्हटलं, "हे घराजवळ हवं होतं." त्याची बायको लगेच म्हणाली, "मी सांगत हुते की! नारळाला माणसाचा वावर लागतोय. माणूस बोललेलं ऐकाय लागतंय त्येला." शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही, असं मी तिला तोऱ्यात सांगितलं. त्या वयात शास्त्र आणि पत्रक, दोन्ही माझ्या खिशात असायचं.

पत्रकानंच माझी बदली केली. रोपवाटिकेतली जाड मानेची रोपं आधी साहेबांच्या बंगल्यांवर जात आणि उरलेली काडी रांगेतल्या शेतकऱ्याच्या हातात पडत. मी एक पान लिहिलं, 'चांगलं रोप कुणासाठी?', सायक्लोस्टाईल केलं आणि रोपवाटिकेच्या फाटकावर चिकटवलं. खाली नाव घातलं, कारण निनावी पत्रक लिहिणारा भेकड, असं वडील म्हणायचे. आठवड्यात आदेश आला. 'प्रशासकीय सोयीसाठी' मला गगनबावड्याकडच्या सड्यावर, खात्याच्या प्रयोगाच्या तुकड्यावर पाठवण्यात आलं. खात्यात त्या तुकड्याला लोक 'काळं पाणी' म्हणत.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट माळ. एसटी जिथं सोडायची तिथून सहा मैल चाल. वर पत्र्याची एक खोली, तिच्याशेजारी छप्पर, एक झरा, आणि तारेच्या कुंपणात प्रयोग. झऱ्याच्या उतारावर बारा नारळ. वरच्या अंगाला अमेरिकेतल्या डोंगरावरच्या झाडाची एकोणीस रोपं. त्याचं नाव शुगर पाइन. परदेशातून कुणी पाहुणे आले होते, त्यांनी बियांचं पाकीट भेट दिलं होतं. उगवण्याआधी या बियांना अडीच-तीन महिने थंडी लागते, म्हणून ओल्या वाळूत घालून त्या शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात ठेवल्या होत्या म्हणे. पाकिटातल्या बियांपैकी उगवून उरलेली ही एकोणीस.

ही सगळी हकिकत मला सांगितली सिदू आण्णांनी. आण्णा तिथले माळी आणि राखणदार. मूळचे शिरोळकडच्या सीमेवरच्या गावचे, साठीला टेकलेले, बायको वारलेली, मुलगी कर्नाटकात दिलेली. चौदा वर्षं ते त्या सड्यावर रोजंदारीवर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'साहेब' म्हटलं. मी म्हटलं, "मला साहेब म्हणायचं नाही." त्यांनी माझ्या पिशवीतली पुस्तकं बघितली आणि म्हणाले, "मग मास्तर म्हणतो. कायतरी म्हणाय पायजे की. इतं हाका माराय माणूस न्हाय, मिळालाय तर बिननावाचा कसा ठेवू?"

माझं मुख्य काम कागदाचं होतं. नव्या झाडाची तुलना ओळखीच्या झाडाशी करायची, असा खात्याचा नियम असल्यानं दर तीन महिन्यांनी मी 'नारळ व शुगर पाइन : निगा आणि उपयोग' असं टिपण पाठवत असे. इतकं विजोड लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही. नारळाला सोटमूळ नसतं. दोरखंडासारख्या मुळ्या तो चहूकडे सोडतो आणि आहे तिथं संसार मांडतो. पाइन आधी सरळ खाली मूळ घालतो आणि वर्षानुवर्षं वर काही दाखवत नाही. नारळाला ऊब आणि पाणी हवं; याला हिवाळ्यात बर्फ हवा, आणि मुळाशी एक विशिष्ट बुरशी असलेली माती हवी. ती दुसऱ्या पाइनच्या बुडातली पोत्यातून आणावी लागली होती. नारळाचं काय वाया जातं? खोबरं, पाणी, सोडण, करवंटी, झावळी, खराटा, आणि शेवटी खोड आडव्या वाशाला. पाइनचं लाकूड हलकं, सरळ रेषांचं, दारा-खिडक्यांना छान. त्याच्या मुलुखात तो दोनशे फूट जातो, हातभर लांबीची फळं धरतो, आणि खोडाला जखम झाली की गोड डिंक पाझरतो. पण फळ बघायला निम्मं आयुष्य जावं लागतं. आमची एकोणीस त्या वेळी वीतभर होती. पाच-पाच हिरव्या सुयांचे झुबके.

वर आलेला एक गुराखी मला म्हणाला होता, "साखरंचं झाड म्हंत्यात. मग आमच्या उसानं काय घोडं मारलंय?"

उपयोगाच्या रकान्यात पाइनपुढं मी लिहायचो, 'पुढील पिढ्यांसाठी.' नारळापुढं लिहायला जागा पुरायची नाही.

पण आण्णांचा जीव त्या एकोणिसांवर. नारळ काय, कुणाच्याही परड्यात येतो. ही मात्र लांबून आलेली, कुणी नसलेली. सकाळी ते प्रत्येकाजवळ उकिडवे बसून बोलायचे, अर्धं मराठी, अर्धं कानडी. मी हसलो की म्हणायचे, "हसू नका. चौदा वरसांत झाडांसंगट बोललो न्हसतो तर माजी जीबच वाळली असती." संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर दगडावर बसायचो. मी त्यांना जगातल्या क्रांत्या सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "तितल्या माळ्यास्नी कायम केलं का?"

कारण त्यांचा सगळा प्रश्न तोच होता. रोजंदारीचा माणूस कायम झाला की म्हातारपणी पेन्शन आणि डोक्यावर सरकारी छप्पर. त्यांच्याकडे जमीन नव्हती, मुलगा नव्हता. जावयाच्या दारात जाऊन बसायचं नव्हतं. "कायम झालो की हितंच मरतो निवांत," असं ते म्हणायचे. त्यांच्या कायम होण्याचा प्रस्ताव त्या वर्षी पहिल्यांदा हलला होता. तो मीच अर्जावर अर्ज लिहून हलवला होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस आण्णा नारळाच्या आळ्यात मीठ घालत होते. मी खोलीत बसून खात्यानं मागवलेला खुलासा लिहीत होतो, त्या जुन्या पत्रकाबद्दल. डोकं तापलेलं. आण्णा दारात आले, हातात मिठाचं घमेलं.

"मास्तर, नारळाला मीठ घालतोय. वरच्यास्नी बी घालू काय? दोन वरसं झाली, वाढ न्हाय. आमचं सावत्र वागणं त्यास्नी कळत असंल."

मला उत्तर माहीत नव्हतं. पाइनला मीठ चालतं की नाही, हे मी कुठंच वाचलेलं नव्हतं. 'माहीत नाही, विचारून सांगतो,' एवढं म्हणायला हवं होतं. पण ज्याला आपण रोज जग समजावून सांगतो त्याच्यापुढं हे चार शब्द जिभेवर येत नाहीत. मी लेखणी आपटली आणि भाषण ठोकलं, "एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, इथूनच सगळा अन्याय सुरू होतो, आण्णा! भेद कशाला?"

आण्णांनी मान हलवली. "त्येबी खरंच."

त्यांनी एकोणिसांना मीठ घातलं. लहान आहेत, मागं पडलीत, म्हणून नारळापेक्षा मूठभर जास्तच.

तीन आठवड्यांनी सुयांची टोकं तांबूस झाली. मग तो रंग टोकाकडून आत सरकत गेला. आण्णा झऱ्याचं पाणी घालत राहिले, सावलीसाठी झावळ्या रोवल्या, एकेका रोपाशी बसून राहिले. मी पावसाला दोष दिला, हवेला दिला. एका सकाळी एका रोपाच्या बुडातली माती उकरली आणि का कोण जाणे, चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट.

"आण्णा, इथं मीठ घातलं होतं?"

"व्हय. तुमीच म्हणलासा की. भेद कशाला म्हणून."

ते साधेपणानं म्हणाले. मग माझं तोंड बघितलं, मग झाडांकडे बघितलं, आणि खाली बसले. मातीवरून हात फिरवत राहिले. शेवटी एवढंच बोलले, "पोटच्यापरी केलं वो मी."

दिवाळीनंतर साहेब तपासणीला आले. हे तेच साहेब, ज्यांच्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं. जाडजूड, दम लागलेला माणूस. सहा मैल चालून आल्यामुळं आधी तांब्याभर पाणी प्यायले. कुंपणात फिरून आले. तपकिरी झालेल्या एकोणीस काड्या बघितल्या. एक सुई बोटांत चुरडली. आण्णांना लांब पाठवून मला म्हणाले, "काय घातलंत?"

मी सांगितलं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हे बघा, ही झाडं इथं तगणारच नव्हती. बर्फातलं झाड जांभ्यावर लावायचं, ही ज्याची अक्कल तो आता मुंबईत आहे. अहवालात लिहा, अतिवृष्टीमुळं मुळं कुजली. तुकडा बंद होईल, पण त्या म्हाताऱ्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. पुढच्या आठवड्यात वर जाईल. खालच्या रोपवाटिकेत घेऊ त्याला. तुम्हीही खाली या. झालं ते झालं."

आज हे लिहिताना मला स्पष्ट दिसतं की त्या दिवशी त्या सड्यावरचा सगळ्यात दयाळू माणूस तो होता. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की एक लाचखोर अधिकारी मला खोटं लिहायला सांगतो आहे. बंगल्यावर चांगली रोपं नेणाऱ्याच्या तोंडून दया येऊ शकते, हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

दोन दिवस मी अहवाल लिहीत होतो. आण्णा चहा करून देत होते. काय लिहितोय, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी खरं लिहिलं, सगळं खरं. 'माळी सिदू यांनी पाइनच्या आळ्यांत मीठ घातले. ते माझ्या सांगण्यावरून घातले. जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.' दोषाचा मोठा वाटा मी स्वतःवर घेतला होता, त्यामुळं आण्णांना काही होणार नाही याची मला खात्री होती. खाली सही केली तेव्हा छाती फुगली होती, हे लपवत नाही. सहा मैल चालत जाऊन मी तो लखोटा स्वतः टपालात टाकला.

सव्वा महिन्यानं दोन कागद आले. माझा चार पानी. मी कायम नोकर, त्यामुळं मला काही करायचं तर चौकशी लागणार होती, उत्तर द्यायची मुदत लागणार होती, माझी बाजू ऐकून घ्यावी लागणार होती. ती चौकशी पुढं दोन वर्षं चालली आणि लेखी ताकीद देऊन संपली. आण्णांचा कागद दोन ओळींचा. 'कामाची आवश्यकता नसल्याने' पुढच्या महिन्यापासून त्यांना कामावर घेऊ नये. रोजंदारीच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही. मीठ कुणाच्या सांगण्यावरून घातलं, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. पुढं चौकशीत कळलं, की खात्याच्या टिपणीत माळ्यानं मीठ घातलं, एवढंच वाक्य माझ्या अहवालातून उचललं होतं आणि 'माझ्या सांगण्यावरून' हे शब्द तिथंच राहिले होते.

मी आण्णांना दोन ओळी वाचून दाखवल्या. मग ते म्हणाले, "तुमी काय लिवलं हुतं, ते वाचा."

माझ्याकडे अहवालाची प्रत होती. मी वाचली. ते दगडावर बसून, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एक बी शबूद खोटा न्हाय."

मला जरा धीर आला. मी बोलायला लागलो. आपण दाद मागू, वर्तमानपत्रात देऊ, मी स्वतः पत्रक काढतो, तुमची चौदा वर्षं...

त्यांनी हात वर केला. "मास्तर, येक सांगा. साहेब पावसाचं लिवा म्हणला हुता न्हवं? मी आयकलं. कुंपणापत्तुर आवाज येतोय."

"हो."

"मग लिवायच्या आदी मला का न्हाय इचारलं?"

मी अहवालाची प्रत घडी घालू लागलो.

"मी म्हणलो असतो, खरं लिवा. कदाचित म्हणलो असतो. झाडं माज्याच हातानं मेली, मी खोटं कशाला सांगू? न्हायतर म्हणलो असतो, मास्तर, पाऊस लिवा, माजं म्हातारपण हाय. काय म्हणलो असतो ते मला बी ठावं न्हाय. पर नोकरी माजी हुती. इचाराय तर पायजे हुतं की."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी उत्तर दिलं असतं. भांडायला मला येतं. मी आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या बाजूनं बोलत आलो आणि तीन हातांवर चहा करत बसलेल्या माणसाला दोन दिवसांत एकदा विचारलं नव्हतं. बंगल्यावरच्या साहेबानंही विचारलं नव्हतं, पण आण्णांचा भाऊबंद असल्याचा दावा त्यानं कधी केला नव्हता.

त्यांचं सामान एका पोत्यात मावलं. दुपार कलल्यावर निघाले. मी एसटीपर्यंत येतो म्हटलं, तर नको म्हणाले. पत्ता मागितला, तर म्हणाले, "ठरलं न्हाय अजून." लेकीकडे जाणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कुंपणाशी ते थांबले. वाळलेल्या रोपांकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. नारळांकडेही नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "अंदार पडायच्या आत आत बसत जावा. झऱ्यावर गवं येत्यात. कडी आतनं लावा, बाहेरली ढिली हाय."

सडा सपाट असतो. माणूस जाताना फार वेळ दिसतो. डोक्यावरचं पोतं बोटाएवढं होईपर्यंत मी उभा होतो. मग मी आत आलो आणि कडी लावली. तुकडा बंद व्हायचा आदेश यायला पुढं पाच महिने लागले. तोवर त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि त्या पाच महिन्यांत मी एकही पत्रक लिहिलं नाही.